सतरा नंबर नापास

त्या हिवाळ्यात एक दिवस सोडला तर आमच्या घरी अंड्याचा पिवळा बलक कुणाच्या ताटात पडला नाही. पांढरं मात्र रोज पडायचं. मी कामावरून येताना जर्मनच्या डब्यात अंड्यांचं पांढरं घेऊन येत असे आणि आई त्यात कांदा, हिरवी मिरची नि भरपूर कोथिंबीर घालून भुर्जी करायची. बाजरीच्या भाकरीबरोबर ती छान लागायची, पण रंगाचं काही करता येत नव्हतं. हळद घातली तरी ती पिवळ्या भुर्जीची नक्कल वाटायची. दादा, म्हणजे माझे वडील, ताटाकडे बघून विचारायचे, "आज पण ढगच का?" आणि मुकाट्याने जेवायचे. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत. दिवसभर दुसऱ्यांचे काना-मात्रा सुधारून घरी आल्यावर त्यांना कशाबद्दलही तक्रार करायचा कंटाळा येई.

या पांढऱ्याचं कारण माझी नोकरी. नाशिकबाहेरच्या माळावर वळूंचं वीर्य गोठवून गावोगावच्या दवाखान्यांना पुरवणारी एक प्रयोगशाळा होती. तिथे मी नुकतीच तात्पुरत्या जागेवर लागले होते. वीर्य गोठवताना थंडीने त्यातले जीव मरू नयेत म्हणून त्यात अंड्याचा बलक, साखर आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण घालतात. बलक वळूंच्या कामाला गेला की पांढरं उरे, ते आम्ही नोकरमंडळी आळीपाळीने घरी नेत असू. मी एकवीस वर्षांची, प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली आणि प्रयोगशाळेतली एकटीच मुलगी. माझं काम होतं गोठवलेलं वीर्य पुन्हा वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं आणि ते पास की नापास हे वहीत लिहायचं.

हे काम लोकांना सांगायचं कसं, हा घरातला मोठा प्रश्न होता. आमची कॉलनी नाशिकरोडला, रेल्वेच्या शिट्ट्यांच्या टप्प्यात. रविवारी विहारात वंदना झाली की बायका पायऱ्यांवर बसून एकमेकींच्या मुलांची चौकशी करत. आई सांगायची, "आमची सुजाता दुधाच्या खात्यात आहे." ते तसं खोटंही नव्हतं, दूध त्या कामाच्या शेवटी येतंच. दादांना मात्र असं गुळमुळीत बोलणं आवडत नसे. मला बघायला पहिल्यांदा माणसं आली तेव्हा मुलाच्या काकांनी पोहे खाता खाता विचारलं, "मुलगी नेमकं काय काम करते?" मी आईकडे बघितलं, आईने स्टोव्हकडे बघितलं, आणि दादा छापील मजकूर वाचावा तशा आवाजात म्हणाले, "वळूच्या वीर्याची गुणवत्ता तपासते." काकांचा चमचा मध्येच थांबला. मुलगा मात्र पुढे सरकून विचारू लागला, की त्यांच्या गावची जर्सी तीनदा उलटली ती का. उलटली म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली. मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांचा नकार आठ दिवसांनी आला. त्यांची गाय पुढे फळली की नाही ते कळलं नाही. आज माझ्या नाती हा प्रसंग मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि काकांच्या चमच्याशी आलं की हसून लोळतात.

काम मला मनापासून आवडायचं, हे इथे लिहून ठेवते. पहिल्या दिवशी आमच्या प्रमुखांनी, म्हणजे डॉक्टरसाहेबांनी, ताज्या वीर्याचा थेंब काचेवर ठेवून मला बघायला लावला. तेव्हा मी घाबरून डोळा बाजूला केला होता. लासलगावच्या बाजारात लिलाव संपला की सगळे ट्रॅक्टर एकदम फाटकाकडे वळतात, तशी त्या थेंबात झुंबड होती. गोठवल्यावर ही गर्दी ओसरते. वीर्य बारीक प्लॅस्टिकच्या नळ्यांत भरलेलं असे. पेनातल्या रिफिलीहून किंचित जाड अशी ती नळी, तिला गावाकडे सगळे कांडी म्हणत. कांडी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेली असे. दुसऱ्या दिवशी त्यातली एक काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून टोक कापायचं आणि थेंब काचेवर घ्यायचा. मग मोजायचं. सरळ पुढे पळणारे ते कामाचे. एकाच जागी गोल फिरणाऱ्यांना मी मनात 'गरगरे' म्हणायची आणि जागच्या जागी हलणाऱ्यांना 'थरथरे'. शंभरात निम्मे तरी कामाचे दिसले तर पास, नाहीतर ती सगळी खेप नापास.

डॉक्टरसाहेब बेताचं बोलणारे गृहस्थ होते. "पळणारे दिसले म्हणजे गाय फळलीच असं समजू नका, सुजाताबाई," ते म्हणायचे. "आपण फक्त पळण्याची परीक्षा घेतो. खरा निकाल गाय देते, तोही तीन महिन्यांनी." तो निकाल आमच्याकडे दर गुरुवारी यायचा, पगारभाऊंच्या वहीतून. रामदास पगार हे विंचूरकडच्या केंद्रावर रेतनाचं काम करत आणि नायट्रोजनचा कॅन भरून घ्यायला, नव्या कांड्या न्यायला मोटारसायकलवरून येत. कुणाची गाय, कुठल्या वळूची कांडी, उलटली की गाभण राहिली, हे सगळं ते शाळेच्या दुरेघी वहीत लिहून आणत. त्यांचं अक्षर मात्र दुसऱ्या कुणाला लागत नसे, ते तेच वाचून दाखवत.

आमचे वळू मागच्या बाजूच्या गोठ्यांत होते. तिकडे मी कधी गेले नव्हते. मुलीचं तिकडे काय काम, असा शिरस्ता होता आणि मीही जायचा हट्ट धरला नव्हता. वळू मला नंबरानेच माहीत. सतरा नंबर हा तांबूस रंगाचा जर्सी, स्वभावाने तिरसट, एवढं ऐकून होते. त्याला सांभाळायचे धर्माअण्णा. सटाण्याकडचा उंच, वाळका माणूस. आमच्याशी साधं मराठी बोलायचे आणि वळूशी अहिराणी. सकाळी वीर्य घेतल्यावर त्याची नळी लोकरीच्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरून आणायचे आणि खिडकीतून माझ्या हातात द्यायचे. "सतराची हाय बाई, लय झकास हाय," असं न चुकता सांगायचे. ते प्रयोगशाळेच्या आत पाऊल टाकत नसत. चप्पल बाहेर काढली तरी आपल्या पायाला शेण आहे, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर थंडी पडली. निफाडच्या बाजूने वारं सुटलं की आमच्या माळावर कान बधिर होत. मी पहाटेच उठून हुलग्याची शेंगोळी डब्यात घेऊन एसटी पकडायची आणि सातला टेबलाशी बसायची. पौष लागला आणि सतरा नंबर नापास होऊ लागला. पहिली खेप शंभरात पस्तीस. आठवड्याने दुसरी, तीही तशीच. दुसऱ्या वळूंचेही आकडे खाली आले होते, पण ते कसेबसे निम्म्यावर टिकून होते. मला वाटलं, थंडीत जनावरंही आळसावत असतील. नियमाप्रमाणे नापास खेपेच्या कांड्या मी कात्रीने कापून मोरीत ओतल्या. तिसरी खेपही नापास झाली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी वही दोनदा उलटून पाहिली आणि म्हणाले, "वय झालं असेल. काढून टाकण्याचा प्रस्ताव करायला लागेल. शनिवारी सही करतो." तिसऱ्या खेपेच्या कांड्या त्यांनी प्रस्तावाचं काम होईपर्यंत ठेवायला सांगितल्या.

काढून टाकणं म्हणजे काय ते मला धर्माअण्णांनी खिडकीतून सांगितलं. आवाज चढवला नाही. "जर्सीला वशिंड नसतं बाई. जू ठेवायचं कुठं? शेतकरी कोण घेणार त्याला? खाटीकच घेईल." मग म्हणाले, "पण त्याला काही झालेलं नाय. मी रोज बघतो ना." मी म्हणाले, "अण्णा, मी पण रोज बघते." त्यानंतर ते नळी द्यायचे आणि निघून जायचे. झकास हाय असं सांगणं बंद झालं.

गुरुवारी पगारभाऊ आले. कॅन भरून होईपर्यंत माझ्या टेबलाशेजारी उभे राहून म्हणाले, "ताई, यावेळी सतराच्या कांड्या जास्त द्या. लोक मागून घेत्यात. पावसाळ्यातली जी खेप दिलती ना तुम्ही, तिची भरली की गाय उलटतच नाय."

"सतरा आता मिळायचा नाही," मी म्हटलं. "तीन खेपा नापास झाल्यात."

"असं कसं? माझ्याकडं अजून हायेत त्याच्या चार. परवाच एक भरली."

मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्याकडे त्यातली एक मागितली. त्यांनी कॅनमधून काढून दिली. ती पावसाळ्यातल्याच खेपेची होती आणि ती खेप मीच तपासली होती. वहीत पासष्ट कामाचे असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी कांडी वितळवली, थेंब घेतला, डोळा लावला. गरगरे आणि थरथरे. कामाचे पस्तीस-चाळीस असतील.

पगारभाऊंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या कॅनमधी खराबी झाली का? मी तर नायट्रोजन एकदा पण कमी पडू दिला नाय, ताई. वर कळलं तर माझ्यावरच येईल हे."

"थांबा जरा," मी म्हटलं, पण कशासाठी थांबायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. थंडीने माझे हात फुटले होते. विचार करताना चाळा म्हणून मी पर्समधली खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली. तेल थिजून पांढरं झालेलं, काडीने खरवडून घ्यावं लागे. ते बोटांना चोळताना एक कण सूक्ष्मदर्शकावर पडला, काच ठेवायच्या बैठकीवरच. ही बैठक विजेवर गरम केलेली असते. अंगाइतकी ऊब नसेल तर थेंबातले जीव गारठतात आणि जिवंत असूनही पळत नाहीत. मी कण पुसायला फडकं घेतलं आणि तशीच थांबले. तो कण वितळला नव्हता. पांढराच्या पांढरा बसून होता. बैठकीचा लाल दिवा लागलेला होता. मी पंजाची मागची बाजू बैठकीला लावली. ती पहाटेच्या नळासारखी गार होती.

त्या क्षणी मला सगळं कळलं. दिवा लागत होता, पण आतली तार कधीतरी तुटली होती. रोज सकाळी बैठकीला थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहायचा, असा नियम होता. सुरुवातीचे महिने मी तो इमानाने पाळला. रोज सदतीस, रोज सदतीस. दिवाळीनंतर मी थर्मामीटर लावणं सोडलं होतं. दिवा बघायची आणि सदतीस लिहून टाकायची. म्हणजे त्या वहीत दीड-दोन महिने माझ्या हाताने खोटं लिहिलेलं होतं.

पगारभाऊंना मी एवढंच सांगितलं, की तुमचा कॅन चांगला आहे, माझ्या सूक्ष्मदर्शकात बिघाड आहे. ते सुटल्यासारखे हसले आणि मोटारसायकलला किक मारून गेले. मला मात्र परतीच्या एसटीत एक सोपी वाट दिसू लागली. तार बदलून घ्यायची, गुपचूप. पुढच्या खेपेला सतरा नंबर आपोआप पास होईल. साहेबांना म्हणायचं, सही करण्याआधी एकदा पुन्हा बघू या, बरा झालेला दिसतो. वळू वाचेल, पगारभाऊ वाचतील, मी पण वाचेन. माझी जागा कायम करण्याची शिफारस साहेबांच्या टेबलावर होती. मुलगी इथे टिकणार नाही, असं म्हणणारे दोघेतिघे होतेच. त्यांच्या हातात मी आयतं कोलीत देणार होते.

संध्याकाळी दादा कोपऱ्यात बसून दाढीचं सामान आवरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, सोपी वाटसुद्धा. आई भाकरी थापायची थांबली. दादांनी ब्रश झटकला आणि म्हणाले, "आमच्याकडे पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर शुद्धिपत्र काढतात. पान अमुक, ओळ तमुक, असं छापलंय, असं वाचावं. पान नि ओळ दिली नाही तर वाचणारा काय सुधारणार?"

"नोकरी जाईल हो तिची," आई म्हणाली.

"जाईल कदाचित," दादा म्हणाले. "पण त्या वहीतले बाकीचे वळू? त्यांचे आकडे कोण दुरुस्त करणार?"

मला त्यांचा थोडा रागच आला. त्यांनी धीर द्यावा असं वाटत होतं आणि ते मला पान नि ओळ विचारत होते. आईने त्या दिवशी भुर्जी केली नाही. कुठूनशी आख्खी अंडी आणून, बलकासकट, रस्सा केला आणि सगळ्यांत आधी मला वाढला. जेवणानंतर मी दोन कागद लिहिले. कुठल्या तारखेपासून थर्मामीटर लावला नाही, कुठले आकडे खोटे, कुठल्या खेपा त्या काळात तपासल्या, कुठल्या कापून टाकल्या. दादांनी ते वाचले आणि दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. बाकी मजकुराला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी साहेब येण्याआधीच मी त्यांच्या दाराशी उभी होते. त्यांनी कागद उभ्यानेच वाचले, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचले. मला बसायला सांगितलं नाही.

"तिसऱ्या खेपेच्या कांड्या आहेत ना?"

"आहेत."

"एक आणा."

त्यांच्या खोलीत त्यांचा स्वतःचा सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी बैठकीला थर्मामीटर लावला, थांबले, आकडा बघितला. कांडी मी वितळवली. थेंब घेताना तो काचेच्या कडेला पडला. त्यांनी दुसरी काच पुढे केली. मग डोळा लावून ते खूप वेळ बसले. बाहेर नायट्रोजनची टाकी फुसफुसत होती, तेवढाच आवाज. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "बघा."

मी बघितलं. सगळीकडून सगळीकडे सरळ रेषा निघाल्या होत्या. साठाच्या खाली नक्कीच नव्हते. मला रडू आलं आणि त्यामुळे पुढचं काही मोजता येईना.

साहेबांनी प्रस्तावाचा कागद फाइलमधून काढून फाडला. मग माझे दोन कागद पुढे ओढले. "यात एक राहिलंय," ते म्हणाले. "या दोन महिन्यांत मी तुमच्या टेबलाशी एकदाही आलो नाही. वहीवर सह्या करत राहिलो. तेही लिहा, माझ्या नावानिशी." मी लिहायला धजले नाही तेव्हा त्यांनी स्वतःच पेन उघडलं आणि खाली चार ओळी लिहिल्या. मग म्हणाले, "तुमची शिफारस मी सहा महिने थांबवतोय. थर्मामीटर रोज दोनदा लावायचा. गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या खेपा पुन्हा तपासायच्या. जा आता, कामाला लागा."

ते काम पंधरा दिवस चाललं. त्या सहा महिन्यांचे पुढे आठ झाले, मग जागा कायम झाली आणि निवृत्तीपर्यंत मी याच कामात राहिले. पुढे माझ्या हाताखाली कितीतरी मुलं-मुली शिकली. त्यांना मी यंत्रावर विश्वास ठेवू नका वगैरे सांगत बसले नाही. त्यांच्या टेबलाशी मात्र रोज जायची, कधी नुसतीच उभी राहायची. त्यांना त्याचा जाच होत असे हे मला माहीत आहे. कापून मोरीत ओतलेल्या त्या दोन खेपा अजूनही कधी आठवतात. कितीतरी गाई झाल्या असत्या त्यांच्या, कुणाकुणाच्या दारात.

प्रस्ताव फाडल्याची बातमी गोठ्यापर्यंत कशी गेली ते मला कळलं नाही. त्या शुक्रवारी दुपारी मी शेंगोळीचा डबा उघडून बसले होते. तोंडात घास फिरत होता. तेवढ्यात दारात सावली पडली. धर्माअण्णा चपला बाहेर काढून चक्क आत आले होते. त्यांनी टेबलाकडे, सूक्ष्मदर्शकाकडे एकदा नीट बघून घेतलं, जणू हेच का ते.

"तुम्हीच साहेबाला सांगितलं म्हणे," ते म्हणाले.

"चूक माझीच होती, अण्णा. तुमचा वळू चांगला होता."

अण्णांनी विचारलं, "तुम्ही त्याला बघितलंच नाय ना कधी?"

"नाही."

"चला मग."

मी डबा झाकला आणि त्यांच्या मागून निघाले. गोठ्याच्या पत्र्यांखाली कडब्याचा नि गोमूत्राचा ओला वास होता. सतरा नंबर शेवटच्या खणात उभा होता. मला वाटलं होतं त्याहून लहानखुरा, डोळ्यांभोवती काळी कडा, नाकात पितळी कडी. मला बघून त्याने मान खाली घातली आणि एक पाय आपटला. मी मागे सरकले. अण्णांनी कडीचा दोर हातात घेतला आणि त्याच्या कानाशी जाऊन, मी तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाले, "उभा ऱ्हाय रे भाऊ. हाई आपली बाई शे. वळखी ले."

मग माझ्याकडे वळून त्यांनी मला हात पुढे करायला सांगितलं. इतके महिने ज्याचे थेंब मी मोजत होते, त्याचं तोंड माझ्या तळव्यापाशी आलं. त्याने जोरात श्वास सोडला, हात ओला झाला, आणि मग खरखरीत जिभेने त्याने फुटलेल्या बोटांवरचं खोबरेल चाटायला सुरुवात केली. चांगलंच झोंबत होतं ते.

"मागं घेऊ नका हात," धर्माअण्णा म्हणाले. "त्याला वाटेल भ्याली."

मी भ्यालेच होते. पण हात तसाच ठेवला.